उंदीर-घुशींचा बंदोबस्त : ग्रामपंचायत, महापालिका आणि सेवा खात्यांनी एकत्र काम का आणि कसे करावे

पावसाळ्यात ताप, पोटऱ्या दुखणे आणि लाल डोळे घेऊन रुग्ण आला की डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात, 'गेल्या दोन-तीन आठवड्यांत गटारात, चिखलात, साचलेल्या पाण्यात पाय घातला होता का?' या प्रश्नामागचे कारण उंदीर आहे. लेप्टोस्पायरोसिस हा आजार उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून माणसाला होतो.

उपचार दवाखान्यात होतात. आजाराचे मूळ मात्र गटारात, कचऱ्याच्या ढिगात, केबलच्या चरात आणि पाण्याच्या गळक्या व्हॉल्व्हपाशी असते. या प्रत्येक जागेची जबाबदारी वेगवेगळ्या खात्याकडे आहे. उंदराला मात्र खाते कळत नाही आणि हद्दही कळत नाही. म्हणून एकट्या खात्याने केलेला उंदीर नियंत्रणाचा खर्च बहुतेक वेळा वाया जातो.

शहराच्या काठावरची गावे

कोल्हापूर शहराजवळचे करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी हे याचे चांगले उदाहरण आहे. इथे एकीकडे उसाची शेती आहे, तर दुसरीकडे घरांची दाट वस्ती वाढते आहे. गांधीनगरची मोठी बाजारपेठ, उजळाईवाडीचा विमानतळ आणि गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत हे सगळे याच परिसरात येते. वस्ती शहरासारखी, पण कारभार ग्रामपंचायतीचा. महाराष्ट्रातल्या अनेक मोठ्या शहरांच्या कडेला अशी गावे आहेत.

अशा गावात कचरा आणि गटारे ग्रामपंचायत पाहते. मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे किंवा जिल्हा परिषदेकडे असतात. वीज महावितरणकडे आहे. नळपाणी योजना ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण चालवते. फोन आणि इंटरनेटच्या केबल कंपन्या टाकतात. आजारावर लक्ष प्राथमिक आरोग्य केंद्र ठेवते. हद्द ओलांडली की महापालिका सुरू होते. उंदीर एका रात्रीत यातल्या तीन-चार जणांच्या जागेतून फिरून येतो.

कोणते उंदीर, कोणत्या जागा

आपल्याकडे मुख्यतः चार प्रकार आढळतात.

• घरातला काळा उंदीर : छप्पर, माळा, तारा आणि पाइप यांवरून चढतो.
• घूस : जमिनीत लांब बिळे करते. गटाराच्या भिंती, पाया, फरशीखालची माती आणि शेताचे बांध पोखरते.
• तपकिरी उंदीर : बंदरे आणि मोठ्या शहरांच्या भुयारी गटारांत जास्त. याला रोज पाणी लागते.
• छोटी उंदरी : धान्य, कपाटे, दुकानाचे कप्पे यांत राहते. करंगळीच्या जाडीच्या भोकातूनही आत शिरते.

चिचुंद्री हा उंदीर नाही. ती मुख्यतः किडे खाते.

मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो. एका वेळी सहा ते आठ पिले होतात आणि दोन-तीन महिन्यांत तीही प्रजननक्षम होतात. म्हणून विष घालून निम्मे उंदीर मारले, पण खाणे आणि बीळ तसेच ठेवले, तर काही महिन्यांत संख्या पूर्ववत होते. परिसरात किती उंदीर राहतील हे शेवटी तिथे मिळणारे अन्न, पाणी आणि आसरा यांवर ठरते.

उंदरांमुळे होणारे आजार

• लेप्टोस्पायरोसिस : जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात आणि लघवीतून बाहेर पडतात. ओल्या मातीत व पाण्यात ते आठवडेच्या आठवडे जिवंत राहू शकतात. पायाच्या भेगा, जखमा, डोळे, नाक आणि तोंड यांतून ते शरीरात शिरतात.
• प्लेग : उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो. आता क्वचित, पण विसरून चालणार नाही.
• स्क्रब टायफस : झुडपे-गवतातल्या बारीक गोचिडीसारख्या किड्याच्या अळीमुळे होतो. हे किडे उंदरांवर पोसले जातात.
• उंदीर चावल्याने येणारा ताप, आणि अन्न दूषित झाल्याने होणारे जुलाब.

याशिवाय वायरी कुरतडल्याने शॉर्टसर्किट होते, आग लागते. घुशींनी पोखरलेले गटार खचते. बिळांच्या वाटेने साप वस्तीत येतात.

मुंबईच्या प्लेगचा धडा

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे गोदीजवळचा, धान्याच्या वखारींनी भरलेला भाग. प्लेग घाणीतून आणि दूषित हवेतून पसरतो असा तेव्हा समज होता. म्हणून पालिकेने गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडून ती जोरात धुवायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. पण यामुळे गटारातले उंदीर बाहेर पडून आसपासच्या घरांत शिरले आणि साथ पसरायला मदतच झाली असावी, असे पुढच्या काळातल्या अभ्यासकांचे मत आहे.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून उंदराच्या पिसवांचा प्लेगशी असलेला संबंध दाखवला. नंतर १९०५ पासून मुंबईत काम केलेल्या प्लेग संशोधन आयोगाने तो पक्का केला. त्या काळात कोल्हापूर संस्थानानेही प्लेगचे तडाखे सोसले. 'उंदीर पडू लागले' म्हणजे घर सोडून रानात झोपडी बांधायची, हे जुन्या पिढीला अनुभवाने माहीत होते.

यातला धडा आजही तसाच लागू आहे. उंदीर राहतात ती जागा आधी तयारी न करता हलवली, तर उंदीर मरत नाहीत. ते शेजारी जातात. आज गटाराचा गाळ काढणे, रस्ता खोदणे, केबल टाकणे, जुनी इमारत पाडणे, कचऱ्याचा ढीग उचलणे ही सगळी अशीच कामे आहेत. ती वेगवेगळी खाती एकमेकांना न सांगता करतात.

बीड आणि सुरत, १९९४

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात अनेक लोक भीतीने घराबाहेर राहू लागले. घरांत धान्य होते, माणसे नव्हती. उंदरांना ही मोठी संधी होती. पुढच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. त्याआधी गावात उंदीर मरून पडत होते आणि पिसवांचा त्रास वाढला होता. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि लाखो लोकांनी शहर सोडले.

पुढच्या वर्षी सुरतेत एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी शहराच्या प्रत्येक विभागात एकाच अधिकाऱ्याला सफाई, गटार, पाणी, रस्ते अशा सगळ्या कामांचे अधिकार आणि जबाबदारी दिली. अधिकाऱ्यांनी रोज सकाळी कार्यालयाबाहेर पडून प्रत्यक्ष जागेवर जायचे, असा दंडक घातला. थोड्याच काळात सुरतेचे नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. एका जागेच्या सगळ्या प्रश्नांना एकच माणूस उत्तरदायी ठेवणे, हा त्यातला महत्त्वाचा भाग होता.

मुंबई महापालिकेत कीटकनाशक खाते आहे आणि रात्रपाळीत काठी व विजेरी घेऊन उंदीर मारणारे कर्मचारीही आहेत. हे कष्टाचे आणि जोखमीचे काम आहे. तरीही २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली. फक्त मारण्यावर भर देऊन भागत नाही, हे यातून दिसते.

एकत्र कामाचा क्रम

यात क्रमाला फार महत्त्व आहे. क्रम चुकला तर खर्च होऊनही त्रास वाढतो.

१. पाहणी : गावाचा एक नकाशा घ्या. त्यावर बिळे, कचऱ्याचे ढीग, फुटकी गटारे, पाण्याची गळती, वीज-पेट्या, केबलचे चेंबर, धान्य व किराणा दुकाने, गोठे आणि शेताच्या कडेची घरे दाखवा. प्रत्येक खुणेपुढे जबाबदार खात्याचे नाव लिहा.

२. मोजणी : संध्याकाळी सगळी बिळे चिखलाने बुजवा. सकाळी किती उघडली ते मोजा. उघडलेली बिळे म्हणजे वापरातली बिळे. या मोजणीला काहीही खर्च नाही.

३. अन्न आणि पाणी तोडणे : कचरा रोज उचला, गळती दुरुस्त करा, हॉटेल व मटण-मासळीचा कचरा झाकलेल्या डब्यात ठेवा. बाहेर भरपूर खाणे असेल तर उंदीर आमिषाला तोंड लावत नाही.

४. आमिष : प्रशिक्षित माणसांनी सगळ्या परिसरात एकाच आठवड्यात आमिष ठेवावे. एका गल्लीत आज, दुसरीत महिन्याने, असे नको.

५. मेलेले उंदीर गोळा करून पुरणे.

६. बिळे आणि भोके कायमची बुजवणे : गटाराची भिंत दुरुस्त करा. पाइप-केबल भिंतीतून जाते तिथे जाळी आणि सिमेंट भरा. बिळात काचेचे तुकडे व सिमेंट भरल्यास घूस पुन्हा सहज उकरत नाही.

७. पुन्हा मोजणी : समजा, आधी ४० बिळे उघडली होती आणि आता १० उघडली, तर काम चांगले झाले. ३० उघडली तर कुठे चुकले ते शोधा.

खोदकाम किंवा गाळ काढायचा असेल तर तो पाचव्या टप्प्यानंतर करावा. यासाठी एक साधा नियम पुरतो : कोणत्याही खात्याने किंवा कंत्राटदाराने खोदण्याच्या निदान दहा दिवस आधी ग्रामपंचायतीला लेखी कळवावे. सावकाश काम करणाऱ्या आमिषाला तेवढा वेळ लागतो. ग्रामपंचायत खोदकामाची परवानगी देते तेव्हाच ही अट आणि काम संपल्यावर चर नीट बुजवण्याची अट घालता येते.

कोणत्या खात्याने काय करावे

• ग्रामपंचायत : कचरा, गटारे, नकाशा आणि सगळ्यांना एकत्र बसवणे. गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची बैठक ही त्यासाठी तयार जागा आहे. बैठकीला लाइनमन, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी, आरोग्य सेवक, आशा, मुख्याध्यापक आणि दुकानदार यांना बोलवा.
• पाणीपुरवठा : गळके व्हॉल्व्ह आणि भरलेले चेंबर ही उंदरांची पाणपोई असते. शिवाय नळाला पाणी नसते तेव्हा फुटलेल्या जलवाहिनीत आजूबाजूचे घाण पाणी ओढले जाते. एका दुरुस्तीत दोन्ही धोके कमी होतात.
• महावितरण : वीज-पेट्यांची दारे बंद राहतील असे पाहणे, केबल शिरते ती भोके बुजवणे, उपकेंद्राच्या आवारात गवत व भंगार साठू न देणे. बिघाड उंदराने झाला असेल तर त्याची नोंद ग्रामपंचायतीला कळवावी. ती जागा नकाशावर आली पाहिजे. वीज-पेटी इतर कोणीही उघडू नये.
• फोन-इंटरनेट कंपन्या : चेंबरची झाकणे, रिकाम्या नळ्यांची तोंडे बंद करणे.
• प्राथमिक आरोग्य केंद्र : तापाचे रुग्ण कोणत्या गल्लीत वाढत आहेत हे समितीला सांगणे. रुग्णाचे नाव सांगायची गरज नाही, भाग सांगितला तरी पुरते.
• महापालिका आणि शेजारची गावे : हद्दीवरच्या भागात एकाच आठवड्यात मोहीम घेणे. हद्दवाढीचा निर्णय काहीही होवो, त्यासाठी हे काम थांबवू नये.
• शेतकरी : बांधांवरची बिळे, गवत आणि उसाच्या कडेची झुडपे यांचा बंदोबस्त करणे.

मोहीम कधी घ्यावी

ऊसपट्ट्यात वर्षातून दोन मोहिमा घ्याव्यात. पहिली ऊसतोडणीच्या काळात. फड मोकळा झाला की उंदरांचा आसरा जातो आणि ते बांधाकडे व कडेच्या घरांकडे येतात. दुसरी मे महिन्यात, पावसाआधी. पाऊस सुरू झाला की बिळांत पाणी शिरते, उंदीर कोरड्या जागेत म्हणजे घरात येतात आणि आमिष भिजून वाया जाते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पंचगंगेला मोठे पूर आले. पुरानंतर चिखल काढायची घाई असते आणि लेप्टोचा धोका तेव्हाच सर्वाधिक असतो. पूर येण्याआधी उंदीर कमी केलेले असतील तर हा धोका घटतो.

विष वापरताना काळजी

झिंक फॉस्फाइड लवकर मारते. पण कमी खाऊन वाचलेला उंदीर ते पुन्हा खात नाही. त्यामुळे आधी दोन-तीन दिवस साधे, बिनविषाचे खाणे ठेवावे लागते. याला उतारा नाही. ब्रोमाडायोलोन हे रक्त गोठू न देणारे औषध आहे. उंदीर काही दिवसांनी मरतो, म्हणून इतर उंदरांना संशय येत नाही. माणसाच्या पोटात गेल्यास त्यावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे. वस्तीत हे तुलनेने बरे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांचा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो.

पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट फार घातक आहे. पोटात गेल्यावर पहिला दिवस माणूस बरा वाटतो, नंतर यकृत निकामी होते. म्हणून उंदराचे कोणतेही विष पोटात गेले तर, त्रास नसला तरी, त्याच वेळी रुग्णालयात न्या. १०८ ला फोन करा. वेष्टन सोबत न्या. उलटी करवू नका. घरात कोणी मानसिक ताणात असेल तर असे विष घरात ठेवूच नका. मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

आमिष बंद पेटीत, मुले, कोंबड्या आणि कुत्री यांच्यापासून दूर ठेवावे. कोणत्या तारखेला कुठे ठेवले आणि उरलेले कधी उचलले, याची वही ठेवावी. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे किंवा जाड पिशवी वापरा आणि खोल खड्ड्यात पुरा. विष न घालता बरेच उंदीर मरून पडत असतील, तर त्यांना हात न लावता लगेच आरोग्य केंद्राला कळवा.

कामगारांची सुरक्षा

गटार काढणारे, केबलचा चर खोदणारे, व्हॉल्व्ह सोडणारे, ऊस तोडणारे आणि गोठ्यात काम करणारे यांना लेप्टोचा धोका सर्वांत जास्त. यातले अनेक जण कंत्राटी असतात, त्यामुळे ते कोणत्याच खात्याच्या यादीत नसतात. गमबूट, रबरी हातमोजे, काम संपल्यावर साबण-पाणी आणि जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी, हे कंत्राटाच्या अटींतच असावे. पुराच्या किंवा गटाराच्या पाण्यात काम करावे लागल्यास डॉक्टर डॉक्सिसायक्लिनच्या प्रतिबंधक गोळ्या देऊ शकतात. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांसाठी डॉक्टर वेगळा विचार करतात. स्वतःच्या मनाने गोळी घेऊ नये.

ताप आल्यास

लागण झाल्यापासून साधारण ५ ते १४ दिवसांत, क्वचित महिन्याभरानेही, ताप येतो. थंडी, डोकेदुखी, पोटऱ्या व कंबर दुखणे आणि डोळे लाल होणे ही मुख्य लक्षणे आहेत. लवकर उपचार झाल्यास स्वस्तातल्या प्रतिजैविकांनी आजार बरा होतो.

पुढील लक्षणे असतील तर तात्काळ मोठ्या रुग्णालयात जा :
• डोळे-लघवी पिवळी होणे
• लघवी कमी होणे
• धाप लागणे, खोकल्यातून रक्त पडणे
• गुंगी किंवा बडबड

पहिल्या काही दिवसांत रक्ताची लेप्टो-तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून डॉक्टरांना आपले काम आणि पाण्याशी आलेला संपर्क न विचारताही सांगा. संशय असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात. 'साधा व्हायरल असेल' म्हणून घालवलेले तीन-चार दिवस मूत्रपिंडावर बेततात.

उंदीर चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे जा. घरातल्या उंदरापासून रेबीजचा धोका नगण्य मानला जातो, तरी निर्णय डॉक्टरांवर सोडा.

घरच्या पातळीवर

• धान्य पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.
• खरकटे रात्रभर उघडे ठेवू नका. कुत्र्या-मांजरांचे उरलेले खाणेही उचला.
• मोरीच्या तोंडाला जाळी बसवा. दाराखालची फट पत्र्याने बंद करा.
• घराला टेकून सरपण, विटा, भंगार रचू नका.
• घराजवळ बीळ, गळती किंवा तुटके चेंबर दिसल्यास ग्रामपंचायतीत लेखी कळवा आणि पोच घ्या.

एक घर स्वच्छ ठेवून उंदीर फक्त शेजारी जातात. एका खात्याचेही तसेच आहे. म्हणून ग्रामसभेत विचारायचा प्रश्न 'यंदा किती विष घेतले?' हा नाही. 'मोजणीत मेपूर्वी किती बिळे उघडली, नंतर किती, आणि उरलेली कोणाच्या जागेत आहेत?' हा आहे. हे तिन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले, तर प्रत्येक खात्याला आपले काम किती उरले ते दिसेल.